दुकानाच्या पत्त्यावर चार पोती

पादोवा, २५ ऑक्टोबर

रायसाताई,

नमस्कार. तुझी कंबर, पेत्रुभाऊजींचा खोकला, द्राक्षं दाबून झाली का, गाय व्यायली का, हे सगळं मी विचारलं असं समज. मी बरी आहे. पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणून केलं.

तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून हे टोल्याच्या पार्सलगाडीतून घरी मोल्दोवाला पाठवतेय. त्याला म्हटलं, ती पाकीट फोडेपर्यंत दारातून हलू नकोस. तर म्हणतो, "ओलेस्या, मी पार्सलं नेतो, भांडणं नेत नाही." वा रे वा! गेल्या शनिवारी तुझं भांडण कुणी आणलं मग? गाडीचं मागचं दार उघडं, बायका आपापल्या चीजच्या पिशव्या नि वाइनचे कॅन ओढून घेतायत, आणि हा मला बाजूला घेऊन डोक्यावरची टोपी काढतो. "रायसाने सांगितलंय. मी नुसता सांगतोय हं, माझ्यावर उखडू नकोस. ती म्हणाली, आईला तू तिकडे उघडी पाठवलीस."

उघडी. हा शब्द तुला सुचला तरी कसा गं? आणि तो तू एका ड्रायव्हरच्या तोंडून, भर मैदानात, आपल्या अर्ध्या सोरोका जिल्ह्यासमोर मला ऐकवलास.

आता माझं ऐक. त्याच्या आधीच्या शनिवारी मी त्याच मैदानात उभी होते. तुझी चार पोती आली होती. मी टोल्याला म्हटलं, काय पाठवलंय एवढं, आईने अक्रोड पाठवलेत की काय? त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "तुला माहीत नाही?" एवढंच म्हणाला. आई गेली हे मला पार्सलवाल्याने सांगितलं, ताई. पुरून झाल्यावर. तू फोन केला नाहीस, भाऊजींनी केला नाही, पाद्र्याने नाही, शेजारच्या त्या भोचक वेराने नाही. सगळ्या गावाने तोंडाला कुलूप लावलं होतं आणि किल्ली तुझ्याकडे होती.

आणि पोत्यांवर पत्ता कुठला? माझ्या घराचा तुला पाठ आहे. पण तू काळ्या शाईने, ठळक अक्षरात, दुकानाचा पत्ता लिहिलास. आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. मी काय समजायचं? मी समजले की रायसाने आईचे कपडे जुन्या बाजारात काढले. मी समजले की ती मला म्हणतेय, घे, तू चिंध्या विकतेस ना, या पण वीक.

आमच्या दुकानाची रीत तुला ठाऊक नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. तुझ्या लेखी आम्ही तीन पोरी तळघरात बसून मेलेल्या इटालियन माणसांच्या विजारी विकतो. तर सांगते. दुकानाच्या पत्त्यावर जे येतं ते दुकानाचं. कुणी आणलं, का आणलं, विचारायचं नाही. सोमवारी पोती फोडायची. पहिल्यांदा सगळे खिसे रिकामे करायचे, कारण लोक खिशात काय वाट्टेल ते विसरतात, दातांची कवळीसुद्धा. खिशातलं सगळं खोक्यात, धुण्याचं मशीनमध्ये, चांगलं हँगरला, फाटकं चिंध्यावाल्याला. नवीन आलेल्या बाईला पहिला जोड फुकट, बाकीच्यांना दोन-तीन युरोला. त्यातून भाडं निघतं आणि मागच्या टेबलावर बायकांना कागद भरायला मदत होते. ही रीत मीच घालून दिली आहे.

त्या सोमवारी मी पोत्यांना हात लावला नाही. मी दुकानातल्या दोघींना, घिझलान आणि इसोकेनला म्हटलं, तुम्हीच उघडा, माझी पाठ दुखतेय. घिझलान मोरोक्कोची, जीभ सुरीसारखी, पण तिनेही त्या दिवशी काही विचारलं नाही. इसोकेनने नेहमीप्रमाणे खिसे रिकामे केले. प्रत्येक खिशात रुमालात गुंडाळलेली एक बारीक मेणबत्ती निघाली. तिला वाटलं, तिकडे फार लाइट जात असतील. मेणबत्त्या खोक्यात टाकल्या, रुमाल इस्त्री करून काउंटरवर मांडले आणि कपडे दांडीवर. आठवड्यात अर्ध्याहून जास्त गेले. आईचा माल चांगला होता, जपून वापरलेला.

तुझ्या त्या तेक्लाबाईंनी, आईच्या इथल्या मैत्रिणीने, येऊन दांडीवर आईचे कपडे बघितले आणि दारातूनच तुला फोन लावला. मला तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही त्यांची. टोल्याचा निरोप ऐकून मी दुकानात आले, खोकं उघडलं, मेणबत्त्या बघितल्या आणि त्या एकेक करून काउंटरवर मांडत गेले. इसोकेन घाबरली. तिला काय सांगू? की हे पोमानाचे कपडे होते, मेलेल्याच्या नावाने हातात द्यायचे, जळत्या मेणबत्तीसकट, म्हणजे ते तिकडे त्याला पोचतात? आणि घेणाऱ्याने 'बोगदाप्रोस्ते', देव क्षमा करो, म्हणायचं, तेव्हा कुठे ते पोचतात? आणि दोन युरो घेऊन विकले तर दोन युरोच पोचतात?

तू म्हणशील, मोल्दोवाच्या पोरीला हे कळू नये? कळलं असतं, ताई, एका ओळीत कळलं असतं. 'चाळिसाव्या दिवसाच्या आत दे' एवढं लिहायला तुझा किती वेळ गेला असता?

मी सगळं परत मिळवतेय. तुझ्यासाठी नाही. तेक्लाबाईंना आईचा हिरवा कोट द्यायचाय, त्याचं काय ते मी बघेन. दार लावून घे, टोल्याला चहा पाज, तो गारठला असेल.

ओलेस्या


पादोवा, १ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. आज इथे सगळ्या संतांची सुट्टी आहे, दुकान बंद, बाहेर दाट धुकं. तुझा दुसरा निरोप टोल्याने सकाळी पोचवला. बिचारा घरून पाठ करून आला होता. मध्ये विसरला तर म्हणाला, "थांब, पुन्हा पहिल्यापासून म्हणतो." त्यावर मला हसू आलं, म्हणून तू जिंकलीस असं समजू नकोस.

तू कळवलंस की आईनेच सांगितलं होतं, ओलेस्याला कळवू नका, तिचं दुकान बंद पडेल. मी हे मानत नाही. सकाळपासून मी हे मानत नाहीये. ती असं म्हणेल, अगदी अशीच म्हणेल, हे मला माहीत आहे, तरी मानत नाही. आणि समजा म्हणाली, तर तू ऐकायचं होतंस का? आयुष्यात तू तिचं दुसरं कुठलं ऐकलंस?

आता कपड्यांचं. इसोकेन गिऱ्हाईक कधी विसरत नाही. कुणी काय नेलं हे तिने बोटांवर सांगितलं आणि मी दारोदार फिरले. प्रत्येकीला दिलेले पैसे परत करायचे, मेणबत्ती पेटवायची, कपडा तिच्याच हातून घेऊन पुन्हा तिच्याच हातात द्यायचा, म्हणायचं, 'हे आईच्या, अग्रिपिनाच्या नावाने', आणि तिच्याकडून तो शब्द म्हणवून घ्यायचा. ताई, तू हे स्वतः करून बघ एकदा. आपल्या गावात नाही. अशा माणसांपुढे, ज्यांना वाटतं की या बाईचं डोकं फिरलंय.

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर सिन्योरा स्कियावोन राहते. दुकान बंद पाडायला सह्या गोळा करते. जिन्यात वास येतो म्हणे, परक्या बायका येतात म्हणे, घराच्या किमती पडल्या म्हणे. ही बया काळा चष्मा लावून खाली आली होती आणि आईचं तपकिरी स्वेटर घेऊन गेली होती! शिंपल्याच्या बटणांचं. मी बेल वाजवली. दार उघडलं तर अंगात तेच.

"मी तुमच्या दुकानात पाऊलही ठेवत नाही," मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली.

"नाहीच ठेवत," मी म्हटलं. "पण हे स्वेटर माझ्या आईचं आहे. आई वारली."

तिने ते चिमटीत धरून अंगापासून लांब ओढलं, जसं काही चावलं. "शी! मेलेल्या बाईचं मला विकलंत? मी सहीच्या कागदावर हे लिहीन!"

"लिहा. पण आधी हे तुमचे पैसे घ्या. आता हे तुम्हाला फुकट."

"मी भिकारीण आहे का?"

"नाही हो. आमच्यात असं देतात. तुम्ही घेतलंत तर तिला तिकडे ऊब मिळते. नाहीतर नाही."

तिने स्वेटरचं वरचं बटण लावलं. मग म्हणाली, "आणि मी परत दिलं तर?"

"तर मी दुसऱ्या कुणाला देईन. तिला स्वेटर पाहिजे."

तिने काय विचार केला देव जाणे. मेणबत्ती हातात घेतली, मी सांगितलं तो शब्द तीनदा चुकीचा म्हटला, चौथ्यांदा बरा म्हटला. दार लावलं. पुन्हा उघडलं. "जिन्यात मेण सांडलंय," म्हणाली, "ते पुसून जा." मी गुडघ्यावर बसून नखाने मेण खरवडलं. सह्या ती अजूनही गोळा करतेय, पण थंडीत स्वेटर घालूनच करते.

फ्लॅनेलचे झगे रुख्सानाने नेले होते, बांगलादेशी आहे, पलीकडच्या गल्लीत राहते. तिने ते केव्हाच कापून बाळाची झबली शिवली होती. मी म्हटलं, आता काय करायचं? ती म्हणाली, बाळाच्या हातात दे. बाळाने मेणबत्तीकडे हात नेला, मी ओढून घेतली, ते रडायला लागलं. बाळाच्या वतीने तिनेच शब्द म्हटला. आईच्या झग्यावरची ती निळी फुलं आता एका बाळाच्या पोटावर आहेत. तुला हे चालणार नसेल तर पाद्र्याला विचार, मला विचारू नकोस.

चपला मिळाल्या नाहीत. कुणीतरी परगावची बाई घेऊन गेली. मी नवीन घेतल्या आणि इसोकेनला दिल्या. तिच्या चर्चमध्ये मेलेल्यांच्या नावाचं काही घेत नाहीत. ती चपलांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आईचं नाव पुन्हा सांग." मी सांगितलं. तिने लगेच पायात घातल्या. दिवसभर त्याच घालून दुकानात चटक चटक फिरत होती, मुद्दाम, म्हणजे मला ऐकू यावं.

तू आणखीही एक निरोप पाठवलास. टोल्याने तो खाली बघून सांगितला. की 'ओलेस्या, तुला आईने नेलं, मला नाही. मी तुला वाढवलं, शिकणं सोडून वाढवलं, आणि तिने तुला इटलीला बोलावून घेतलं. परत आली तेव्हा माझ्या वाट्याला तिचं हगणंमुतणं आलं, आणि तू दोन ईस्टर आली नाहीस.'

हो, नाही आले. आणि हो, तू वाढवलंस. माझ्या केसांतल्या उवा तू काढल्यास, शाळेत तू सोडलंस, पहिल्यांदा कपड्याला डाग पडला तेव्हा मी तुझ्याकडे धावत आले. मी हे विसरले असं तुला वाटतं का? पण म्हणून तू माझ्याकडून मातीची एक मूठ टाकायचा हक्क काढून घेशील? वाढवल्याची ही वसुली आहे का?

आईच्या हिरव्या कोटाचं काम चालू आहे. तेक्लाबाईंना सांग, जरा धीर धरा.

ओलेस्या


पादोवा, ८ नोव्हेंबर

रायसाताई,

नमस्कार चमत्कार काही नाही आज. बुधवारी चाळिसावा आहे. तू कोलिवासाठी गहू भिजवशील, वर साखर पेरशील, खडीसाखरेचा क्रॉस काढशील, आणि सगळ्या गावाला सांगशील की धाकटीने कोट विकून खाल्ला. टोल्या म्हणाला, गावात तसं बोलतातच आहेत. तेव्हा आता स्पष्टच लिहिते.

कोट विकला गेला नाही. तो दांडीवर आलाच नाही. तो माझ्याकडे आहे.

त्या सोमवारी मी म्हटलं ना, पोत्यांना हात लावला नाही? लावला. पोती फोडून झाली तेव्हा मी आत गेले. ढिगात तो हिरवा रंग दिसला आणि मी तो ओढून घेतला, कुणाला न विचारता, आणि घरी नेला. आमच्या दुकानात याला चोरी म्हणतात. आठवडाभर दांडीवर लटकल्याशिवाय आमच्यापैकी कुणी काही घ्यायचं नाही, हा नियम. मागे एक पोरगी सगळं चांगलं चांगलं आधीच उचलायची, तिला मी याच नियमावर बाहेर काढलं होतं. घिझलानने मला कोट नेताना बघितलं होतं, पण ती इतके दिवस गप्प होती.

या आठवड्यात गप्प राहिली नाही. तेक्लाबाई रोज यायला लागल्या. वयाने आईएवढ्या, एका आजोबांना सांभाळतात, त्यांना खुर्चीत बसवून बागेत नेतात, आणि अंगात काय तर पावसाळी जाकीट. येतात, काउंटरला टेकतात, नाक ओढतात. "कोट आला का गं? अग्रिपिना मला फोनवर म्हणाली होती, हिरवा कोट तुझाच, तेक्ला. शेवटचंच बोलली ती माझ्याशी." मी म्हणायचे, बघते हं. काल त्या गेल्यावर घिझलानने इस्त्री आपटली.

"तुझ्या घरी खुंटीला आहे तो! किती दिवस या म्हातारीला गारठवणार?"

"तो माझ्या आईचा आहे."

"आणि नियम कुणाचा आहे? माझी आई मेली तर मी पण दांडीवरून उचलून नेऊ का? सांग ना! इसोकेन, तू पण ने. सगळ्या जणी न्या, आपापल्या आया घेऊन जा घरी!"

इसोकेन म्हणाली, "घिझलान, पुरे." पण तीही माझ्याकडे बघत नव्हती.

मग मी घिझलानला काहीबाही बोलले. तिच्या आईवरून बोलले, जे बोलायला नको होतं. ती दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवून निघून गेली. आज सकाळी आली, पण माझ्याशी बोलत नाहीये. तेव्हा बघ, तुझ्या एका कोटापायी इथेही आग लागली आहे. तुला बरं वाटत असेल.

तू म्हणशील, मग देऊन टाक ना बये, तेक्लाला दे, सुटशील. चपलांच्या जागी चपला चालल्या, म्हणून मी तेक्लाबाईंना आज दुकानातला सगळ्यात चांगला लोकरीचा कोट दिला, अस्तर शाबूत, जवळपास नवा. त्यांनी घातला, आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "ऊबदार आहे. पण हा अग्रिपिनाचा नाही." मेणबत्ती घेतली नाही त्यांनी. कोट घेतला, तो शब्द नाही म्हटला. तेव्हा तुझ्या हिशोबाने आई अजून थंडीतच आहे. मलाही ठाऊक आहे ते. मी मोल्दोवाचीच आहे.

तो कोट मी का देत नाही ते तुला सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आईनेही सांगितलं नसावं, नाहीतर तू मला चिडवून चिडवून मारलं असतंस.

तू मला टोल्याच्या बापाच्या गाडीत बसवलंस, पंधरा वर्षांची. डोक्याला तेल लावून घट्ट वेणी घातलीस आणि म्हणालीस, आई मैदानात उभी असेल. आई इटलीला गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिला कागद नव्हते, येता येत नव्हतं. फोन होता, पण त्यात नुसता आवाज यायचा. माझ्याकडे तिचा एकच फोटो होता, डोक्याला रुमाल बांधलेली, गालफडं बसलेली, कडेवर मी. मी गाडीतून उतरले. सगळ्या बायका आपापल्या माणसांवर तुटून पडल्या होत्या. एक जाडसर बाई बाजूला उभी होती, केस कापलेले, अंगात नवा कोरा हिरवा कोट, मोठ्या बटणांचा. मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "बाई, इथे अग्रिपिना कुठे भेटतील? तुम्ही ओळखता का त्यांना?"

मी आपल्या आईला विचारलं, ताई. तोंडावर.

ती काय म्हणाली असेल? ती म्हणाली, "ओळखते. चल, नेते तुला." माझी बॅग उचलली आणि पुढे चालायला लागली. मी तिच्या मागून. मला तिची पाठ दिसत होती, हिरवी, आणि ती पाठ हलत होती. मला वाटलं, बाई बॅगेच्या वजनाने दमली. बसमध्ये बसल्यावर तिने मला खिडकीशी बसवलं आणि बाहेर बघत म्हणाली, "हा कोट मी आज तुझ्यासाठी घेतला. नवा आहे. आयुष्यात पहिल्यांदा नवा. म्हटलं, पोरीला लांबून दिसला पाहिजे." मग मला कळलं.

त्यानंतर ती कितीही वेळा मला भेटली, माझ्याजवळ झोपली, माझ्यासाठी चीज भरून प्लाचिंता भाजल्या, माझ्यावर ओरडली, तरी खरं सांगू? मला ती नीट ओळखू यायची ती त्या कोटात. स्टेशनवर, दवाखान्यात, गर्दीत. घरात कधी कधी मान वळवून बघायचे तर वाटायचं, ही कोण बाई? हे तुला कळणार नाही. तुझ्याकडे तिचा चेहरा पहिल्यापासून होता. तू एकोणीस वर्षांची होईपर्यंत तो रोज बघितलास आणि शेवटचाही तूच बघितलास. मला तू तोही बघू दिला नाहीस.

आणि आता टोल्या काय निरोप घेऊन येतो? की आई रोज तुझ्या स्वप्नात येते. दाराशी उभी राहते, नुसत्या झग्यात, हात काखेत धरून कुडकुडते आणि म्हणते, 'रायसा, माझा कोट कुठे आहे?' तू घामाघूम होऊन उठतेस. तुला झोप नाही, कंबर दुखते, भाऊजी वैतागलेत. मी ओलेस्याच्या पाया पडते म्हणावं, असंसुद्धा तू टोल्याला सांगितलंस. तो म्हणाला की तू हे बोलताना रडत होतीस. माझे पाय तू धरणार नाहीस, एवढं मी तुला ओळखून आहे, पण रडली असशील.

माझ्या स्वप्नात ती एकदाही आली नाही. ती गेल्याला महिना उलटून गेला. मी रोज झोपते आणि रोज सकाळ होते. तिकडे दीड हजार किलोमीटरवर तुझ्याकडे ती रोज येते, माझ्या दुकानाचं, घराचं, जिन्याचं सगळं तिला ठाऊक असून माझ्याकडे येत नाही. मेल्यावरही तुझ्याकडेच.

म्हणून कोट मी देणार नाही. बुधवारच्या आत नाही आणि बुधवारनंतरही नाही. गावाला काय सांगायचं ते सांग, तेक्लाबाईंना सांग की ओलेस्या चोर आहे, घिझलान तुला साक्ष देईल. आईला थंडी वाजतेय हे मला माहीत आहे. ते मला चांगलं वाटत नाही, ताई. मी दगड नाही. पण ती तुझ्याकडे काय मागते? तुझ्याकडे कोट नाही.

तुझ्या पाया मी पडते, वाटल्यास. एवढं एक कर. आज रात्री ती दाराशी आली की घाबरून उठू नकोस. तिला सांग, कोट ओलेस्याकडे आहे. ओलेस्या तो कुणाच्याही हाती देणार नाही. तुला हवा असेल तर तिच्याकडे जा आणि स्वतः माग.

मी हल्ली लवकर झोपते.

तिची धाकटी,
ओलेस्या